लेह ते चंदीगड, देवळामार्गे

ऑक्टोबरचा तिसरा मंगळवार. लेह ते चंदीगड, सरळ रेषेत सुमारे तीनशे नव्वद किलोमीटर. फळ्यावर लिहिलेला उड्डाणाचा वेळ एक तास पाच मिनिटं. विमानाच्या पोटात हजर माणसं तीन : स्ट्रेचरवर नाईक रघुनाथ बच्छाव, त्याच्या उशाशी मी, आणि विमानाच्या क्रूमधला एक सार्जंट. सोबत ऑक्सिजनचे दोन सिलिंडर. एक भरलेला, पाचशे लिटर. दुसरा अर्धा, अडीचशे. एकूण साडेसातशे लिटर.

याला आता एकवीस वर्षं झाली. मी तेव्हा लष्करात नर्सिंग असिस्टंट होतो. हुद्दा नाईक, नेमणूक लेहच्या एका हॉस्पिटलात. नर्सिंग असिस्टंट म्हणजे डॉक्टर नव्हे. तो इंजेक्शन देतो, सलाईन लावतो, नाडी मोजतो आणि जे मोजलं ते वेळेसकट लिहितो. मोजायची सवय मला आधीपासूनच होती. आज नाशिकला माझं घर आहे, आणि विजेच्या मीटरचा आकडा मी अजून दर एक तारखेला वहीत उतरवतो. घरचे हसतात. पण त्या मंगळवारचे आकडे वहीत होते, म्हणून ते आज खात्रीनं सांगता येतात.

लष्करात वेळ चार आकड्यांत सांगतात. सकाळचे नऊ वाजून सत्तावीस मिनिटं म्हणजे ०९२७. पुढे मी तसंच लिहिणार आहे.

रघू पायदळातला. सटाण्याजवळच्या एका गावचा. आमची ओळख त्याआधी दोन वर्षं, चंदीगडच्या ट्रान्झिट कॅम्पात झाली. रजा संपवून लेहला परतणारे जवान तिथे विमानात जागा मिळण्याची वाट बघत थांबतात. वरच्या खोऱ्यात ढग आले की फ्लाइट रद्द. त्या खेपेला ती चार दिवस सलग रद्द झाली. रोज ०५०० ला सामान घेऊन रांगेत उभं राहायचं, ०८०० ला फळ्यावर ‘आज फ्लाइट नाही’ वाचायचं आणि बराकीत परत यायचं. तिसऱ्या दिवशी रांगेत माझ्या मागून आवाज आला, “हाऊ फळा रोज एकच सांगस.”

चंदीगडमध्ये अहिराणी ऐकून मी वळलो.

“सटाणा?”

“सटाणाच. तुम्ही?”

“नाशिक.”

“म्हंजे शहरातले. चालेल. गाववाला तं भेटला.”

त्या दिवसापासून त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. गाववाले, एवढंच. चहा पिताना त्यानं विचारलं, “गाववाले, तुम्ही आकडेवाले. लेह इथून किती लांब?”

“विमानानं तीनशे नव्वद किलोमीटर. रस्त्यानं सातशेच्या वर.”

“किलोमीटर नका सांगू. टाइम सांगा.”

“एक तास पाच मिनिटं.”

त्यानं मनात काहीतरी जुळवलं. “म्हंजे सटाण्याला एसटीत बसायचं आन् चांदवडला उतरायचं. बस?”

“बस.”

“आन् तीन दिवस झाले, आपण स्टँडवरच बसलोय!”

पाचव्या दिवशी फ्लाइट निघाली. रघू माझ्या शेजारी बसला. विमानात आवाज एवढा, की कानाशी तोंड नेल्याशिवाय काही ऐकू येत नाही. दहा-बारा मिनिटं झाली तसा तो माझ्या कानाशी ओरडला, “ठेंगोडा!” मग, “लोहोणेर! गिरणेचा पूल!” अर्धा तास झाल्यावर त्यानं उभं राहून हात वर केला. “देवळा! कंडक्टर, दहा मिनिटं थांबा, सासुरवाडी शे!” समोरच्या बाकावरचे पंजाबी जवान आमच्याकडे बघत होते. मग भावडबारीचा घाट आला आणि शेवटी चांदवड. मी घड्याळ लावून बघितलं होतं. चाकं टेकली तेव्हा त्याचं चांदवड दोन मिनिटं आधी आलं होतं. मी तसं सांगितलं.

“एसटी कधी टायमात येते का, गाववाले?” तो म्हणाला.

बायकोलाही त्यानं हेच सांगून ठेवलं होतं. लेह लांब नाही, चांदवडएवढंच. सुमनवहिनींनी विमान कधी जवळून बघितलं नव्हतं. त्यांनी ते खरं धरलं.

पुढची दोन वर्षं तो पोस्टवरून खाली आला की हॉस्पिटलात मला भेटून जायचा. मुलगी पूनम तेव्हा चार वर्षांची. तिचा फोटो तो पाकिटात न ठेवता पे-बुकात, लष्कराच्या पगारपुस्तकात, ठेवायचा. पाकीट हरवतं, पे-बुक हरवलं तर कोर्ट मार्शल होतं, असं त्याचं म्हणणं.

आता त्या ऑक्टोबराबद्दल.

उंचावर हवा विरळ असते. काही जणांच्या फुफ्फुसांत पाणी साचायला लागतं. आम्ही त्याला हॅपो म्हणायचो. तो धडधाकट माणसालाही होतो, पहिल्यांदा वर गेलेल्याला होतो आणि दहाव्यांदा गेलेल्यालाही. औषधं आहेत. पण खरा उपाय एकच, माणसाला खाली आणणं. रघूला सोमवारी दुपारी पोस्टवरून आमच्याकडे आणलं. ओठ निळे, श्वास मिनिटाला अडतीस. मला बघून तो म्हणाला, “गाववाले, रजा न मागता मिळाली.” एवढं बोलायला त्याला तीन श्वास लागले.

मंगळवारी ०६०० ला डॉक्टरांनी तपासलं. “इसे सुबह की फ्लाइट से नीचे भेजो. ऑक्सिजन आठ लिटर. साथ में तू जा.”

मी हिशेब केला. पासष्ट मिनिटं, मिनिटाला आठ लिटर, म्हणजे पाचशे वीस. जवळ साडेसातशे. शिल्लक दोनशे तीस. वॉर्डात तिसरा सिलिंडर होता. तो मी घेतला नाही. वॉर्डात आणखी दोन पेशंट होते आणि दोनशे तीस मला पुरेसे वाटले.

माझी चूक इथे झाली. फळ्यावरचा वेळ विमानतळ ते विमानतळ असतो. चाकं जमीन सोडतात तिथपासून चाकं जमिनीला लागतात तिथपर्यंत. पेशंटचा वेळ कॉट ते कॉट असतो. सगळं स्वतः मोजणारा मी, त्या दिवशी फळ्यावरचा आकडा तसाच उचलला.

०८२० ला स्ट्रेचर विमानात चढवलं. ॲम्ब्युलन्समधला मोठा सिलिंडर काढून आमचा लावला. टेक-ऑफ ०८३० सांगितला होता. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या कामावर गेली. ते मालवाहू विमान होतं, सामान उतरवून रिकामं परत चाललेलं. इंजिनं सुरू झाली आणि विमान जागेवरच थांबलं.

सार्जंट हरियाणाचा होता. कानाला हेडसेट लावून तो मागे आला. “होल्ड है, भाई. आगे बादल.”

“कितना?”

“दस मिनट.”

दहा मिनिटांनी पुन्हा दहा मिनिटं. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होतो. ०८५३ ला विमानानं जमीन सोडली. तेहेतीस मिनिटं जमिनीवर गेली होती, म्हणजे दोनशे चौसष्ट लिटर. उरले चारशे शहाऐंशी. पुढे पासष्ट मिनिटांना पाचशे वीस हवे होते, आणि उतरल्यावर ॲम्ब्युलन्सपर्यंतची दहा मिनिटं वेगळी.

मी फ्लो आठवरून सहावर आणला.

बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचे ब्याऐंशी टक्के होते. पाच मिनिटांत शहात्तर झाले.

०९०४ ला रघूनं मास्क बाजूला सारला. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

“कुठं?”

मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं. मी त्याच्या कानाशी ओरडलो, “ठेंगोडा.”

त्याच्या डोळ्यांत हसू आलं. मी मास्क पुन्हा बसवला. त्याचं मनगट माझ्या डाव्या हातात होतं, नाडीवर. ०९१० ला मी सांगितलं, “लोहोणेर. पूल.” गोल खिडकीतून खाली नुसता बर्फ दिसत होता, एकामागे एक डोंगर.

०९११ ला मी सार्जंटला जवळ बोलावलं. “चंदीगड को बोलो. गाडी सीधे विमान के पास चाहिए. ऑक्सिजन के साथ. नहीं तो मुझे बचाके रखना पडेगा.” त्यानं पेशंटकडे बघितलं, काट्याकडे बघितलं आणि पुढे गेला. पायलटनं रेडिओवर निरोप दिला. ०९१५ ला सार्जंट परत आला, अंगठा वर करून. “रॉजर मिला. गाडी खडी मिलेगी. ऑक्सिजन ऑन बोर्ड.”

त्याच क्षणी मी फ्लो आठवर नेला. बावीस मिनिटं तो सहावर होता. बावीस गुणिले दोन, चव्वेचाळीस लिटर मी त्याच्यापासून राखून ठेवले होते.

०९२३. “देवळा,” मी सांगितलं. त्यानं बोटं माझ्या हातावर दाबली.

०९२५ ला त्यानं पुन्हा मास्क सारला. ओठांवर फेस होता, गुलाबी. मी कान लावला.

“चांदवड?”

मी घड्याळ बघितलं. मी आयुष्यभर जे केलं तेच तेव्हाही केलं. मी म्हणालो, “नाही. अजून देवळाच. तेहेतीस मिनिटं आहेत.”

त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले. ०९२७ ला माझ्या बोटांखालची नाडी थांबली.

मी छाती दाबायला लागलो. सार्जंटनं हेडसेट काढून ठेवला आणि मी दाखवलं तसा श्वासाचा फुगा दाबायला बसला. एकतीस मिनिटं. मध्ये कधीतरी बर्फ संपून खिडकीत हिरवे डोंगर आले. ०९५८ ला चाकं टेकली. गाडी खरोखरच उभी होती. १००५ ला चंदीगडच्या डॉक्टरांनी तपासून नकारार्थी मान हलवली.

मी सिलिंडरचा काटा बघितला. दहा लिटर शिल्लक. माझं गणित बरोबर आलं होतं.

“कब गया?” डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

“०९२७, सर.”

त्यांनी फॉर्मवर १००५ लिहिलं. ते चुकले नव्हते. मृत्यू डॉक्टर घोषित करतो, आणि डॉक्टर जमिनीवर होता. विमानात माणूस गेला तरी कागदावर तो उतरल्यानंतरच जातो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तूने अपना काम किया.” त्यांना फ्लोबद्दल मी सांगितलं होतं. “इतने से फर्क नहीं पडता,” असं ते म्हणाले. कदाचित खरं असेल. मला ते मोजता आलेलं नाही.

माझ्या वहीत मी ०९२७ लिहिलं. शेजारी ठिकाणाचा रकाना होता. खाली तेव्हा कोणतं गाव होतं, मला माहीत नव्हतं. रकाना कोरा सोडला.

गाववाला म्हणून रघूसोबत घरी जायची ड्युटी माझ्यावर आली. अंगणात गर्दी होती. सगळं आटोपल्यावर, संध्याकाळी, सुमनवहिनींनी मला एकच विचारलं. “भाऊ, कुठं गेले ते?”

“चंदीगडला. हॉस्पिटलात. सकाळी दहा पाचला.”

कागदात तेच होतं. विमान म्हटलं असतं तर विमानात काय झालं ते सांगावं लागलं असतं. तेव्हा माझं वय एकोणतीस होतं. चव्वेचाळीस लिटर ही गोष्ट सव्वीस वर्षांच्या बाईला कशी सांगायची, ते मला सुचलं नाही. नंतर प्रत्येक वर्षी ते अधिकच अवघड होत गेलं. त्या दहा पाच धरून बसल्या होत्या. निदान ते खाली पोचले, एवढं तरी त्यांच्याजवळ आहे, ते काढून कशाला घ्यायचं, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

दरवर्षी त्या तारखेला मी सटाण्याला जातो. तिथीचं भावकी बघते, तारखेचं वहिनी. मी नऊच्या सुमाराला पोचतो. वहिनी चहा देतात, कांद्याचं काय चाललंय ते सांगतात. पेन्शन आणि दोन एकर यांवर त्यांनी पूनमला शिकवलं. बरोबर दहा पाचला फोटोपुढे निरांजन लावतात. मग आम्ही जेवतो आणि मी निघतो. नऊ सत्तावीसला मी काही करत नाही. घड्याळाकडे बघायचं टाळतो, एवढंच.

पूनम आता दिल्लीला नोकरी करते. लग्नही तिकडेच झालं. यंदा ऑगस्टमध्ये तिचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा तिचा फोन आला. “काका, आईला विमानानं घेऊन या ना. ती एकटी नाही बसणार. ट्रेननं तिचे हाल होतात.”

नाशिकजवळचं ओझर ते दिल्ली, सरळ रेषेत सुमारे नऊशे नव्वद किलोमीटर. वेळ एक तास पन्नास मिनिटं. सामान माणशी पंधरा किलो. वहिनी आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आल्या. डिंकाचे लाडू, बाजरीचं पीठ, खारवलेल्या मिरच्या, बाळाची दुपटी. मी पिशवी काट्याला लावली. चौदा किलो सहाशे.

“भाऊ, आता मलाबी लावा काट्याला,” वहिनी म्हणाल्या. “जास्त भरले तर दोन लाडू खायची नाय.”

विमानात त्यांना खिडकीची जागा दिली. पट्टा मी लावून दिला. चाकं सुटली तेव्हा त्यांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. विमान ढगांच्या वर जाऊन स्थिर झालं तशी हळूच सोडली.

“थांबलं का?”

“नाही, वहिनी. चालू आहे. ताशी सातशेच्या वर.”

“हाललंबी नाय. एसटी बरी, चाललेलं कळतं तरी.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “कवा पोचू?”

“एक तास पन्नास मिनिटं लागतात.”

“म्हंजे केवढं?”

मी विचार न करता बोलून गेलो. “सटाण्याला बसायचं आणि पिंपळगाव बसवंतला उतरायचं.”

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या.

“असं मोजायला तुम्हाला कोनी शिकवलं?”

“रघूनं.”

“मलाबी ते असंच सांगायचे. लेह म्हंजे चांदवड.” त्या खिडकीकडे वळल्या. बाहेर नुसते ढग होते. मग बाहेर बघतच म्हणाल्या, “भाऊ, ते पोचले का हो चांदवडला?”

मी पट्ट्याचं बक्कल उघडलं आणि पुन्हा लावलं.

“एकवीस वर्षं झाली, मी बघते. तुम्ही येता, गप्पा मारता, हसता. साडेनऊ वाजायच्या जरा आधी कप खाली ठेवता. मग तो चहा तसाच राहतो. दहा पाचला मी दिवा लावते तवा तुम्ही एकदम ठीक असता. मी अडाणी असेन, पन घड्याळ मलाबी कळतं. काय होतं तुम्हाला साडेनऊला?”

माझ्या खिशात वही नव्हती. लागलीही नाही. मी सांगितलं, “नाही पोचला, वहिनी. देवळा मागे पडलं होतं. भावडबारी अजून लागली नव्हती. नऊ सत्तावीसला.”

मग सगळं सांगितलं. दोन सिलिंडर, न घेतलेला तिसरा, जमिनीवरची तेहेतीस मिनिटं, आठाचे सहा, बावीस मिनिटं, चव्वेचाळीस लिटर. ठेंगोडा, लोहोणेर. त्यानं चांदवड विचारलं ते आणि मी काय उत्तर दिलं ते. “मी ‘आलं’ म्हणायला हवं होतं,” मी म्हणालो. “एवढं एक खोटं बोलायला काय हरकत होती? मी मिनिटं सांगत बसलो.”

वहिनींनी पदर तोंडाला लावला. खांदे हलले, पण आवाज आला नाही. विमानातली पोरगी पाणी घेऊन आली. मी ग्लास घेतला आणि तसाच धरून बसलो. बऱ्याच वेळानं वहिनींनी तो माझ्या हातून घेतला आणि पाणी प्यायल्या.

“म्हंजे तुम्ही व्हते जवळ.”

“होतो.”

“हात धरलेला?”

“मनगट. शेवटपर्यंत.”

“मला वाटायचं, परका दवाखाना, परकी मानसं, कोपऱ्यात गाडीवर टाकलेले, एकलेच गेले. दहा पाच वाजले की मला ती गाडी दिसायची. एकवीस वर्षं.” त्यांनी माझ्या दंडावर चापट मारली, चांगली जोरात. “आन् तुम्ही माझाच चहा पिऊन गप्प बसले! आधी सांगायचं नाय?”

“चव्वेचाळीस लिटर—”

“मला लिटर कळत नाय. तो वायू तुम्ही घरी नेला का?”

“नाही.”

“त्यांच्यासाठीच राखला ना?”

“हो.”

“मग झालं.” त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या. ढग आता विरळ झाले होते, खाली तपकिरी जमीन आणि एक नदी दिसत होती. “शेवटचं काय ऐकलं त्यांनी? देवळा?”

“देवळा.”

“तुम्ही चांदवड म्हटलं असतं तर काय झालं असतं? चांदवडला त्यांचं कोन शे?” त्या खिडकीशीच बोलत होत्या. “देवळ्याला माझं माहेर शे. लग्नाआधी बघायला आले तवा त्याच स्टँडवर उतरले व्हते. देवळा ऐकलं ना? मंग उतरले असतील.”

पुढची पन्नास मिनिटं वहिनी खिडकीतून खाली बघत होत्या. उतरताना वहिनींनी विचारलं, “पिंपळगाव आलं?” मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं बाकी होती.

“आलं,” मी म्हणालो.

दिल्लीला नातू झाला. वहिनी दीड महिना राहिल्या आणि परत येताना एकट्या विमानानं आल्या. ओझरला मी घ्यायला गेलो होतो. पिशवी रिकामी होती, तरी त्यांनी मला तिचं वजन विचारलं.

ऑक्टोबरात तारखेला मी नेहमीप्रमाणे नऊला सटाण्याला पोचलो. वहिनींनी चहा टाकला नव्हता. वात, तेल, काडेपेटी फोटोपुढे तयार होती. नऊ पंचवीसला त्यांनी मला हाक मारली. आम्ही दोघं उभे राहिलो. नऊ सत्तावीसला त्यांनी निरांजन लावलं. मग आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

“प्या आता. गरम हाय.”

मी प्यायलो. दहा पाच वाजले तेव्हा वहिनी ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

लष्कराच्या कागदावर १००५ आहे आणि नियमानं ते बरोबर आहे. त्याआधीची अडतीस मिनिटं माझ्याकडे होती, ती सुमनवहिनींना पोचती केली. चव्वेचाळीस लिटर वहिनींनी सोडून दिले. मी ते अजून वहीतून खोडलेले नाहीत.

सटाण्याहून परतताना देवळ्याच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली. मी वही काढली. नाईक रघुनाथ बच्छाव, वय एकतीस. ०९२७. शेजारचा रकाना एकवीस वर्षं कोरा होता. त्यात मी ठिकाण लिहिलं, देवळा.